माहेर कोणतं बाई तुझं?

“आधारगृह?” मुख्याध्यापक बाईनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. साऱ्या ऑफिसले ऐकू गेलं. “म्हणजे नवऱ्याला सोडून आलेल्या बायका राहतात, ते?”

बाकावरच्या आयांनी माना वळवल्या. माही पोरगी बाजूलेच उभी. चौथीत नाव टाकाचं होतं तिचं. तिनं खाली पाहिलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अमरावतीतली शाळा. आमी दोघी तेल्हाऱ्याकडून अंगावरच्या कपड्यानिशी पळून आलो होतो. नवऱ्यानं उलथनं तापवून मानेले लावलं, त्याच दिवशी निघाली मी. तो शोधूनच राहिला होता. आधारगृहातल्या ताईनं बजावलं होतं, कुठं राहता ते कोणाले कळू द्यायचं नाई.

“तात्पुरता पत्ता चालत नाही,” बाई म्हणाली. “आज आहात, उद्या नाही. गावचा रहिवासी दाखला आणा. वडिलांची सही आणा.”

“मॅडम, गावात पाय ठेवला तर जीव जाईन माहा.”

बाकावरची एक जण हसली. पोरीनं हळूच हात वर केला अन् माहा पदर मानेवर ओढला. डाग झाकाले. एवढंसं लेकरू! तिलेही माही लाज वाटून राहिली होती. काय सांगू, त्या डागाहून ते जास्त पोळलं.

मंग बाई जरा नरमली. “माहेर कोणतं बाई तुझं?”

आमच्याकडे दोन बाया भेटल्या की पहिला सवाल हाच. मी सवयीनं सांगून बसली, चांदूर बाजार. कोणाच्या घरची? तेही सांगितलं. सासरचं गाव अन् आडनावही सांगितलं. तोंडच आवरलं नाई माह्यानं.

बाईचा चेहरा खुलला. “अगं, मग तुझे मोठे भासरे आमच्या यांच्या ओळखीचे! चांगलं खानदान आहे. थांब, फोन लावते. समजावतील धाकट्या भावाला, तुझ्या नवऱ्याला.”

चांगलं खानदान! हळदीकुंकवाले, लग्नाकार्यात, लांब बाह्यांचं झंपर घालून नवऱ्याची अब्रू मीच झाकत आली होती. इथंही तेच करून राहिली होती. चूप उभी राहून.

तिकडे रिंग गेली. मी टेबलावरून वाकून मोबाईल हिसकला अन् फोन कापला.

“अक्कल आहे का तुला?” बाई ओरडली.

मोबाईल माह्या हातातच वाजला. भासऱ्याचंच नाव. मी पुन्हा कापला. पदर बाजूले केला.

“पाहा मॅडम. तुमच्या चांगल्या खानदानानं केलं हे. आता त्यायले सांगा आमचा पत्ता.”

बाकावरचं हसू मेलं. बाईनं नजर फिरवली. “नियम मी केला नाही.”

“मंग नाव घेत नाई म्हणून लिहून द्या. सही करून.”

तिनं लिहून दिलं नाई. नावही घेतलं नाई. मी मोबाईल टेबलावर ठेवला अन् पोरीले घेऊन निघाली.

लाज गेली नाई. अजूनही रस्त्यात कोणी पाहिलं की हात आपोआप पदराकडे जाते. पण उद्या सकाळी पोरीच्या दोन वेण्या घालून मी त्याच बाकावर बसणार. परवाही. तिचं नाव लागेपर्यंत. माहेर विचारलं तर सांगणार नाई. पोरीनं पुन्हा पदर ओढला, तर हात धरीन तिचा.

मान उघडीच राहीन.