हातातलं पान

लेइसावीचा हात ज्याच्या गालावर पडला नाही असा बाप्या आमच्या लासेनुआत शोधून सापडायचा नाही. आधी ती तोंडानं सांगायची. एकदाच. दुसऱ्यांदा हात सांगायचा.

देवळातल्या कारभाऱ्याला तिनं भर रविवारी बदडलं, आणि बदडलं ते कशानं, तर त्याच्याच नातवाच्या भिजून फुगलेल्या प्लास्टिकच्या लंगोटानं. तिवरांच्या मुळांत अडकलेले असले लंगोट तिनं सकाळीच काठीनं ओढून काढले होते. प्रार्थना सुटली, कारभारी पांढराधोट सदरा घालून पायरीवर आला, आणि पहिला लंगोट त्याच्या तोंडावर बसला.

"देवाच्या दारात?" कारभारी कळवळला.

"तिवर बी देवाचंच हाय न्हवं? तितं तुझ्या नातवाचं हगलेलं चालतं, आन् हितं माझा हात चालत न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून कारभाऱ्याच्या सुनेच्या दोरीवर फडक्याचे लंगोट वाळायला लागले.

शिडाच्या होड्या घेऊन फिरणारे हौशी गोरे आमच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला यायचे. त्यांनाही तिचा कायदा तोच. चूल जुन्या राखेवरच पेटवायची. भांडं वाळूनं घासायचं, ओढ्यात साबण न्यायचा नाही. आणलेला कचरा आपल्याच पिशवीतून माघारी न्यायचा. जो हे पाळेल त्याला केळीच्या पानावर किसलेल्या करांद्यांचा गरम लापलाप, वर नारळाचं दूध. जो पाळणार नाही त्याचं भांडं समुद्रात, आणि ते काढायला त्याच्या मागोमाग तोही.

पण ही तिची किरकोळ मारामारी. खरी गोष्ट खाडीची.

मोठ्या वादळानं बागा झोपवल्या, करांद्याचे वेल उपटून नेले, तेव्हा आम्ही सगळे खाडीतल्या पोवळ्याच्या खडपावर तुटून पडलो. पहारी, कोयते, लोखंडी गज, ज्याला जे मिळालं ते. परातीएवढे शिंपले आम्ही फोडून खाल्ले. भोवऱ्यासारखे शंख बटणं करणाऱ्या व्यापाऱ्याला विकले. दगडाखालचा खेकडा निघावा म्हणून दगडच फोडला. खडपाची अशी दशा केली, की डुकरानं उकरलेलं वावर बरं. मग समुद्रात काही उरलं नाही, आणि समुद्राच्या कडेला जन्मलेली आम्ही माणसं दुकानातल्या डब्यातला मासा खायला लागलो.

लेइसावीचा नवरा मासिंग पट्टीचा पाणबुड्या. उथळातले शंख संपले म्हणून तो खोलात गेला. वर आला तो पालथा. त्याच्या कमरेच्या जाळीत एकच शंख निघाला, तोही कोवळा, अंगठ्याएवढा. रडायचं काम लेइसावीनं बाकीच्या बायकांवर सोपवलं आणि तो शंख नेऊन मुखियाच्या पुढ्यात आपटला. मुखिया तारिवू तेव्हाही म्हाताराच होता.

"आबा, खाडी मिटव," ती म्हणाली. "न्हायतर ह्या गावात पुरायला बाप्या उरनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी तारिवूनं खाडीच्या तोंडाशी खांब रोवला आणि त्याला नामेलेचं, त्या ताडासारख्या झाडाचं, पान बांधलं. खाडी मिटली, म्हणजे आतलं काही मारायचं नाही, उपटायचं नाही. नामेलेचं पान म्हणजे आमच्याकडं शेवटचा शब्द. वाटेवर रोवलं, की पुढं जायचं नाही. झाडाला बांधलं, की फळाला शिवायचं नाही. आणि तेच पान माणसानं हातात धरलं, की भांडण तिथंच थांबलं. पान धरलेल्या माणसाला कुणी मारायचं नाही, आणि पान धरलेल्यानं कुणावर हात उचलायचा नाही. दोन गावं कोयते घेऊन समोरासमोर ठाकलेली असतानाही मधे पान घेऊन एक म्हातारा उभा राहिलेला, आणि कोयते खाली झालेले, माझ्या बापानं पाहिलेत.

खाडीवरचं पान वाळलं की नवं बांधायचं काम तारिवूनं लेइसावीला दिलं. तिनं त्याची राखणच सुरू केली. डोंगीतून रोज फेरी. पोवळं कुरतडून खाणाऱ्या काटेचांदण्या खडपावर माजल्या, तर टोकदार काठीनं भोसकून एकेक वर काढायची आणि वाळूत खड्डा करून पुरायची. काटा घुसला की हात कोहळ्यासारखा सुजायचा. सुजल्या हातानं पुन्हा भोसकायची. मेलेल्या पांढऱ्या पोवळ्यावर हळूहळू रंग आला. कपाळावर टेंगूळ असलेला एक अवाढव्य मासा परत आला. त्याला ती 'आजा' म्हणायची. शिंपल्यांची पिल्लं बशीएवढी झाली. गाव काठावर उभं राहून बघायचं आणि आवंढा गिळायचं.

आता तिच्या भावाचं, रोंगोचं. रोंगो तिच्याहून धाकटा, देखणा, गोड बोलणारा. कष्टाच्या नावानं शिमगा. पण त्याला चावडीत मानाच्या वरच्या दगडावर बसायचं होतं, आणि त्यासाठी नवं, मोठं नाव घ्यावं लागतं. नाव घ्यायला सुळ्याचं डुक्कर लागतं. वरचा दात पाडून डुकराला वर्षानुवर्षं कुस्करलेलं खाऊ घातलं, तर खालचा सुळा वाढत वाढत गोल वळतो आणि कड्यासारखा परत जबड्याला भिडतो. असं डुक्कर माणसानं सोट्यानं पाडलं, की त्याला नवं नाव. डुक्कर पाळते मात्र बाई, आणि पाडताना दोरी धरायची तीही तिनंच. तिनं दोरी धरली नाही, तर सोटा मारणारा नुसता खाटीक.

लेइसावीनं रोंगोसाठी असं एक डुक्कर पाळलं होतं. स्वतः अर्धपोटी राहून त्याला करांदे चावून भरवले. सुळ्याचं कडं पूर्ण झालं होतं. गावात तसं दुसरं डुक्कर नव्हतं. करांद्याची काढणी झाली की रोंगो नाव घेणार होता.

त्या सकाळी खाडीवरचं पान वाळून लोंबत होतं, म्हणून लेइसावी नवं पान घेऊन डोंगीतून निघाली. आम्ही काही जण काठावर जाळी झटकत होतो. खाडीच्या आत शिडाची एक पांढरी होडी उभी होती. तिचा नांगर खडपावर टाकलेला, आणि वाऱ्यानं होडी हलेल तशी साखळी पोवळ्यावरून फिरत होती, जात्यासारखी. कंबरभर पाण्यात रोंगो उभा, हातात पहार. शिंपला उपटत होता. पलीकडं एक गोरा रबरी बंदुकीचा भाला घेऊन पाण्यातून उठला. भाल्याला आजा लटकत होता. कल्ल्यातून भाला आरपार गेलेला, आणि अजून शेपूट आपटत होता.

लेइसावीनं डोंगी उथळात घातली आणि उतरली. डाव्या हातात पान, उजव्यात वल्हं.

"रोंगो, पहार टाक."

"आक्का, पाव्हनं हायेत. एकच शिंपला."

"माझा नवरा बी एकाच शंखापायी गेला."

"नवरा तुझा मेला, म्हून आमी जलमभर डब्यातलाच मासा खायाचा? सोड की आता. गेला त्यो गेला."

वल्ह्याची पात त्याच्या जबड्यावर बसली. आवाज आमच्यापर्यंत आला. रोंगो आडवा पाण्यात गेला, वर आला, तर तोंड लालभडक, दात पाण्यात. तिनं पुन्हा हाणलं, खांद्यावर, मग पाठीवर. गोऱ्यानं मधे बंदूक धरली. वल्ह्यानं ती त्याच्या हातातून उडाली, आणि उलट्या फटक्यानं त्याचा काचेचा मुखवटा फुटला. भुवईतून रक्ताची धार लागली.

"मी विचारलं होतं!" गोरा एका डोळ्यानं बघत ओरडला. "खांबावरचं ते पान काय आहे म्हणून मी विचारलं होतं! हा म्हणाला, सजावट आहे!"

ते ऐकून लेइसावी जी पिसाळली, ती रोंगोला केसांना धरून वाळूपर्यंत फरफटत घेऊन आली. आजूबाजूचं पाणी गुलाबी झालेलं. आम्ही धावलो, पण मधे पडायला कुणी धजेना. तिनं गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि वल्हं उचललं.

आणि रोंगो हसला. रक्तानं भरलेल्या तोंडानं, वाकडा.

"मार," तो फेसाळत म्हणाला. "मार, आक्का. पर हातात बघ की. बघा रं समदे! हिच्या हातात पान हाय!"

होतं. डाव्या मुठीत केसांबरोबर चुरगळलेलं, भावाच्या रक्तानं माखलेलं. पान हातात धरून तिनं हात उचलला होता. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि कुणी पाहिलं नाही म्हणू शकत नव्हतं.

लेइसावीनं वल्हं खाली ठेवलं. त्या बाईला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी चावडीपुढच्या वडाखाली गाव बसलं. तारिवूनं ते रक्ताळलेलं पान आपल्या पुढ्यात ठेवलं. मग म्हणाला, "पान हातात धरून मारलं. पान मेलं. खाडी उघडी झाली. उद्या ओहोटी लागली की उतरा."

आमच्यातल्या निम्म्यांनी मान खाली घातली, ती हसू लपवायला. कोयत्यांना धार लावायला घरी कधी जातो असं झालं होतं.

"आबा, पान उठवायला काय लागंल?" लेइसावीनं विचारलं.

"तुला ठावं हाय. गोल सुळ्याचं डुक्कर पडलं पायजे, पानाच्या नावानं. ओहोटीच्या आदी."

कारभारी खाकरला. "त्ये तर रोंगोच्या नावाचं."

"म्हनून तर इचार तिनं करायचा," म्हातारा म्हणाला आणि उठून आत गेला.

माझं कुंपण लेइसावीच्या डुकराच्या वाडग्याला लागून. तिन्हीसांजेला रोंगो तिथं आला, जबड्याला फडकं बांधून, डुक्कर पाडायचा सोटा काखेत मारून. लेइसावी आधीच बसली होती. डुक्कर तिच्या मांडीला पाठ घासत होतं.

"डुक्कर माजं हाय," रोंगो फडक्याआडून बोबडं बोलला. "सोटा माजा."

"दोरी माजी."

"काडनीला धरशील?"

"पानासाटी उद्या धरीन. तुज्या नावासाटी कदी न्हाई. बसू दोगं बी, डुक्कर म्हातारं हुईस्तवर."

"जबडा मोडलास माजा. नाव बी खातीस व्हय गं? मला काय मिळंल?"

लेइसावीनं वाडग्यातल्या सपाट दगडावरचं करांद्याचं साल झटकलं, आणि पाट्यावर वाटण ठेवावं तसा उजवा हात त्यावर ठेवला.

"ज्येनं मारलं त्यो हात घे. मग फिटलं. सकाळी डुक्कर पाड."

रोंगोला वाटलं असावं, की ती हात काढून घेईल. त्यानं सोटा वर नेला आणि थांबला. तिनं हात काढला नाही. उलट डुकराची दोरी दातांत धरली आणि म्हणाली, तोंडात दोरी असल्यानं तीही आता त्याच्यासारखीच बोबडी, "नीट मार. अर्दवट मारलंस तर म्या परत वल्हं धरीन."

सोटा पडला. शंख फोडताना होतो तसला आवाज झाला. दोरी तिच्या दातांत तशीच होती. डुक्कर बिचकून किंचाळलं, ती नाही. रोंगो कुंपणापाशी गेला आणि ओकला.

सकाळी वडाखाली गाव जमलं. गाव म्हणजे केवड्याच्या टोपल्या, कोयते आणि पहारी. पाणी उतरायला लागलं होतं. लेइसावी डाव्या हातात दोरी धरून उभी, उजवा पानांत गुंडाळलेला, काळानिळा.

"कुनाच्या नावानं?" तारिवूनं विचारलं.

रोंगोनं सोटा खांद्यावर घेतला. वरच्या दगडाकडं त्यानं एकदा पाहिलं, मग खाडीकडं. लेइसावीची मूठ दोरीवर सैल होऊन वाट बघत होती. त्यानं स्वतःचं नाव उच्चारलं असतं, तर दोरी सुटली असती, डुक्कर रानात गेलं असतं, आणि आम्ही खाडीत.

"पानाच्या," रोंगो म्हणाला.

लेइसावीची मूठ आवळली. सोटा कपाळावर बसला, पण डुक्कर पडलं नाही. गुडघ्यावर आलं आणि माणसासारखं ओरडलं. दोरीला हिसका बसून लेइसावी वाळूत फरफटली, पण सोडली नाही तिनं. रोंगो मारत राहिला. जबड्यावरचं फडकं सुटलं, तोंड पुन्हा वाहायला लागलं, आणि त्याचं कुठलं रक्त नि डुकराचं कुठलं, ते कळेनासं झालं. शेवटी डुकराची कवटी खचली. तारिवूनं नवं पान त्या रक्तात टेकवलं आणि लेइसावीकडं दिलं. तिनं ते खाडीवर नेऊन डाव्या हातानं खांबाला बांधलं. गाठ दातांनी ओढली.

आम्ही रिकाम्या टोपल्या घेऊन घरी आलो. मांस वाटलं गेलं. रोंगोनं खाल्लं नाही.

खाडी अजून मिटलेली आहे. आता आत भाला जात नाही, नुसती माणसं पोहतात. खडपाबाहेर रोंगोनं दगडाला दोर बांधून एक पिंप तरंगत सोडलंय, होड्या त्याला बांधायच्या. कुणी नांगराला हात घातला, तर रोंगोच धावतो. चावडीत तो अजून खालच्याच दगडावर बसतो. लेइसावीची उजवी मूठ काही मिटत नाही. ती आता डाव्या हातानं मारते, आणि ज्यांनी दोन्ही हातांचा खाल्लाय ते सांगतात, डावा जड आहे.

परवा एका पाहुणीनं पोहून आल्यावर रोंगोला विचारलं, तुझा जबडा असा वाकडा कशानं झाला? लेइसावी पलीकडंच काटेचांदण्या पुरत होती. तिनं मान वर केली.

रोंगोनं एकदा खांबावरच्या पानाकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं.

"सजावट आहे," तो म्हणाला.