माशांची राखण

करणी, भूत, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. गावात बायका घुमायला लागल्या की मी आपली भाकऱ्या थापत बसायचे. हे आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील, चौथी शिकलेली बाई, हिला काहीही खरं वाटणार.

गोष्ट २००९ ची. दुबईत इंटरनॅशनल सिटीत एका फ्लॅटमध्ये आम्ही तीन कुटुंबं राहायचो. आमचे हे साइटवर फोरमन होते. मंदी आली, साइट खलास. मग दुसऱ्याची मिनीबस चालवू लागले. मार मला आधीही बसायचा... तेव्हापासून रोजचा झाला.

एका शुक्रवारी ह्यांना कॉलेजच्या मुलींना फुजैराकडच्या डोंगरात न्यायचं होतं. ओढ्याला तिकडे वादी म्हणतात. तिथल्या एका वादीतला राडारोडा उपसून पाणी पुन्हा वाहतं केलं होतं. बोटाएवढे मासे परत येऊन अंडी घालतात का, ते बघायला मुली व्हॉलंटियर म्हणून जायच्या. सोबत एखादी बाई हवी म्हणून मीही गेले.

"आंटी, आम्ही वरच्या बाजूला जातोय," त्यांच्यातली अदिती म्हणाली. "ह्या डोहात अंडी आहेत. प्लीज, कुणाला उतरू देऊ नका. शेळ्यांनापण नाही."

गुडघाभरच पाणी. तळाच्या खड्यांवर मोहरीएवढी अंडी दिसत होती. थोड्या वेळाने हे आले, हातात साबण.

"उतरू नका, अंडी आहेत," मी म्हटलं. ह्यांना नको म्हणायची माझी पहिलीच वेळ.

हे हसले. "चाळीस माणसं माझ्या शिटीवर हलायची. आता माशांसाठी तू मला अडवणार?"

"मुलींना शब्द दिलाय..."

थोबाडीत बसली. ओठ फाटला. केसांना धरून मला डोहात ओढलं, पाठीवर गुडघा रोवला आणि तोंड पाण्यात दाबलं. नाकातोंडात वाळू गेली. मी हात मारत होते, हाताखालचे खडे निसटत होते. डोळ्यांपुढे लाल झालं, मग काळं... संपलं आता, असं वाटलं.

आणि पाठीवरचं वजन एकदम गेलं.

डोकं वर काढलं तर हे काठावर पडून गुरासारखे ओरडत होते. उजवा हात कोपरापासून उलटा फिरलेला, हाड कातडीबाहेर आलेलं. जवळपास कुणीही नव्हतं.

ओरडणं ऐकून मुली धावत आल्या. अदिती मला बघून थबकली. "आंटी, तुम्ही भिजलात कशा? आत्ता तर काकांच्या मागे उभ्या होतात. वरून मी हाकपण मारली..." मग तिला गढूळ डोह दिसला आणि ती रडायलाच लागली.

हात गाडीखाली आला का, असं डॉक्टरांनी ह्यांना विचारलं. बऱ्याच दिवसांनी, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसले असताना आपणहून म्हणाले, "पाण्यात तू होतीस. तुझे केस माझ्या मुठीत होते. आणि मागून ज्या बाईने माझा हात पिळला, तीपण तूच होतीस... कोरडी."

पुढे आम्ही गावी परतलो. एकदा आमटी खारट झाली म्हणून ह्यांनी डावा हात उगारला. मी डोळे मिटले. फटका आलाच नाही. डोळे उघडले तर हे माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागे बघत होते... हात आपोआप खाली आला.

डोहावर काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. आमटीच्या दिवशी माझ्या मागे काय होतं, तेही नाही. मी वळून बघितलंच नाही.