दोन पिक्चरची जागा

माझ्या आईला आजूबाजूच्या तांड्यांवर रडायची मास्तरीण म्हणत. त्यात चेष्टा होती तसा मानही होता. आमच्यात लग्न लागून नवरी सासरी निघाली की ती नुसते डोळे पुसत नाही, एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. बापाच्या गळ्यात पडली की बापाचं, आईच्या गळ्यात आईचं, भावाच्या गळ्यात भावाचं. त्याला ढावलो म्हणतात आणि तो शिकावा लागतो. लग्नाआधी पोरी संध्याकाळी आमच्या अंगणात जमायच्या आणि आई, म्हणजे आमच्या बोलीत याडी, त्यांच्याकडून रडून घ्यायची. कुणी लाजत, पुटपुटत म्हटलं की फाडकन विचारायची, "बापाला सोडून चालली का बाजाराला चालली तू?" गावातल्या बाया मला हसतात, रडायची कसली शिकवणी म्हणून. हसू देत. त्यांचं रडणं ऐकलंय मी, अगदी अळणी.

याडीचं नाव पारुबाई. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या अलीकडे आमचा तांडा. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो, इथं मराठीत सांगते आहे एवढंच. याडी आणि बापू दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. एका वर्षी येताना बापूंनी कारखान्याजवळच्या बाजारातून एक टेप आणला, रेडिओवाला. त्यांना बातम्या ऐकायच्या होत्या. याडीनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "याच्यात आपला आवाज भरता येतो म्हणं?" झालं, बापूंच्या बातम्या तिथंच संपल्या.

त्यानंतर जवळपासच्या तांड्यावर लग्न असलं की याडी डोक्यावर टेप घेऊन हजर. नवरीच्या पायाशी टेप ठेवायची, बटण दाबायची आणि रडणाऱ्या बायांना हातानंच सरकवायची, मधे येऊ नका म्हणून. तिला लिहिता येत नव्हतं. मग कॅसेट कुणाची ते कळणार कसं? ज्या पोरीचा आवाज, तिच्या ओढणीची चिंधी ती कॅसेटच्या भोकातून ओवून बांधायची. आमच्या लोखंडी पेटीत अशा रंगीबेरंगी चिंध्यांच्या कॅसेटांची रास पडली होती. लेक लांब दिलेली बाई दुपारी चालत यायची, चिंधी ओळखून कॅसेट काढायची आणि ऐकत बसायची. पलीकडच्या तांड्याची लक्ष्मीबाई तर नेहमीची. तिची पोरगी सुरतेकडं दिलेली, वर्षानुवर्षं तोंड दिसायचं नाही. लक्ष्मीबाई ऐकायची, डोळे पुसायची, चहा प्यायची आणि हसत परत जायची.

त्या राशीत एक हिरवी चिंधी होती. ती माझ्या थोरल्या बहिणीची, शालूची.

शालूचं लग्न झालं चौऱ्याण्णव साली. मी सहा वर्षांची, विकास, माझा भाऊ, दहा वर्षांचा. शालूनं बापूंच्या गळ्यात पडून रडून घेतलं, याडीच्या गळ्यात पडून झालं, आणि विकासची पाळी आली तेव्हा तो लाजून पळाला. बाया हसायला लागल्या. शालू तशीच गात गात त्याच्या मागं गेली, गोठ्याजवळ त्याला गाठलं आणि गळ्यात धरून भावाचा ढावलो म्हणाली. माझ्या लहान्या भाऊराया, मला न्यायला तूच ये, दुसऱ्याला पाठवू नको, असा त्याचा अर्थ. कॅसेटमध्ये ते सगळं होतं. बायांचं हसणं, बैलाच्या गळ्यातली घंटा आणि शालूचा धापा टाकत लागलेला सूर.

दोन वर्षांनी शालू पहिल्या बाळंतपणात गेली, बाळासकट. तिचा एकच फोटो होता, तोही लग्नातला, मान खाली घातलेला. म्हणजे तिचं जे काही उरलं होतं ते त्या कॅसेटमध्ये. याडी ती वर्षातून एकदाच लावायची, दिवाळीला. दिवाळीच्या संध्याकाळी आमच्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर ओवाळायला जातात. त्या आमच्या घरून गेल्या की याडी शालूला लावायची. एरवी कुणी कितीही म्हटलं तरी नाही. रीळ घासते, म्हणायची.

तरी कॅसेटा खराब व्हायला लागल्याच. पावसाळ्यात बुरशी यायची, आवाज लटपटायचा. तोवर विकास हिंगोलीला कॉम्प्युटर शिकून एका दुकानात कामाला लागला होता. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "याडी, समद्या कॅसेटा कॉम्प्युटरमदी टाकू. घरातच ठेवू. टीव्हीला जोडतो, काकाच्या घरी वायर नेतो, देवळाच्या भोंग्याला बी जोडतो. तू म्हणशील ती पोरगी लागेल. अन् त्याच्यात घासत न्हाई." त्याला तो घरचा सर्व्हर म्हणायचा. याडी पेटी म्हणायची. पेटी त्याला जुनी मिळाली होती, फक्त आतली डिस्क नवी घ्यायची होती.

डिस्क घ्यायला आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. दुकानदारानं तीन डिस्क काढून ठेवल्या. चाळीस जीबीची, ऐंशीची, एकशे साठची. दिसायला तिन्ही सारख्याच. याडीनं एक-एक उचलून हातात तोलून पाहिली.

"रखना क्या है, मावशी?" दुकानदारानं विचारलं.

"पोरी," याडी म्हणाली. "आमच्या तांड्याच्या पोरी. रडत्यात त्या."

विकासनं त्याला समजावून सांगितलं. दुकानदार हसला. "सिर्फ आवाज? फिर चालीस भी बहुत है. आधी भी नहीं भरेगी."

याडीला हिंदी कळतं. तिनं विकासकडं पाहिलं. विकास म्हणाला, "त्याला काय माहीत आपला ढावलो? एकेक बाई तास-तास रडती. चाळीसमदी निम्म्या बाया मावणार न्हाईत. मग कोणाला ठेवायचं अन् कोणाला बाहीर काढायचं?"

हे शेवटचं वाक्य त्यानं बरोबर नेम धरून टाकलं होतं, हे मला आता कळतं. याडी कुणालाच बाहेर काढणारी नव्हती. शिवाय तिच्या डोक्यात पुढच्या पोरीही होत्या, माझ्यासकट. ती म्हणाली, "मोठी घे. अजून लई पोरी रडायच्या हायेत." मोठीसाठी आणलेलं पुरत नव्हतं. बाजूच्याच गल्लीत सोनाराकडं तिनं कानाजवळच्या केसांत अडकवलेल्या चांदीच्या टोपल्या काढून दिल्या. आमच्यात त्या लग्न झालेल्या बाईचं लेणं. परतीच्या जीपमध्ये तिचे कान मला उघडे-उघडे वाटत होते, आणि ती मात्र डिस्कचा डबा मांडीवर घेऊन खुशीत बसली होती.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने विकासनं मनापासून केलं. प्रत्येक कॅसेट लावली, उतरवून घेतली. शालूची सगळ्यात शेवटी. ती पूर्ण उतरली आणि काढताना रीळ यंत्रात अडकून चुरगळली, तुटली. याडीनं आधी पेटीत शालूचा आवाज ऐकला आणि मगच श्वास सोडला. रिकामी कॅसेट हिरव्या चिंधीसकट तिनं देवाजवळ ठेवली.

राहिल्या बाकीच्या. आमच्या रानात त्या वर्षी जवारीवर पाखरं फार. कॅसेटची रीळ शेतात ताणून बांधली की वाऱ्यावर गुणगुणते, उन्हात चमकते, पाखरं बसत नाहीत. सगळेच बांधतात. याडीनं स्वतःच्या हातानं एकेक कॅसेट उसवली आणि साऱ्या रानावर बांधली. बापू म्हणालेसुद्धा, राहू दे की थोड्या. ती म्हणाली, "पोरी आता पेटीत हायेत. हे निस्तं टरफल राह्यलं." त्या दिवाळीला शालू पेटीतून गायली, आणि काकाच्या घरीही ऐकू आली.

मग पेटीत पिक्चर आले. आधी दोन-चार, मग रोज नवा. संध्याकाळी लाइट आली की आमचं अंगण भरायचं. साखऱ्याची पोरं सीडी भरून न्यायला लागली, विकासचा धंदा जोरात चालला. लक्ष्मीबाई चालत यायची आणि विकास म्हणायचा, आज लाइट न्हाई. किंवा, आत्ता काम चालू हाय, मावशी, पुढच्या हप्त्यात ये. ती चहा पिऊन परत जायची, पण हसत नाही. पावसाळ्यानंतर ती यायचीच थांबली.

दोन हजार सातची दिवाळी. पोरी ओवाळून गेल्या. याडीनं नवी ओढणी घेतली, पेटीसमोर घोंगडी अंथरून बसली आणि म्हणाली, "विकास, शालू लाव."

विकास बराच वेळ खुडबुड करत राहिला. "व्हायरस आला वाटतं," तो म्हणाला.

मी तोवर ते यंत्र चालवायला थोडंफार शिकले होते. पुढं होऊन पाहिलं. "पिक्चर तर समदे हायेत," मी म्हणाले. "तुझ्या व्हायरसला बायाच काहून गोड लागल्या?"

तो खाली मान घालून बसला. मग बोलला, "जागा न्हवती, रुपा. डिस्क गच्च भरली व्हती. दोन नवे पिक्चर टाकायचे व्हते, पोरं थांबून राहिली व्हती."

याडीला वाटलं, अजून काही वाचलेलं असेल. ती समजावणीच्या आवाजात म्हणाली, "दोन पिक्चरसाठी समद्या काहून काढल्या रं? एखाद-दुसरीला सरकवायचं व्हतं. शालूला तरी ठेवायचं."

"समद्या मिळून तेवढ्याच व्हत्या, याडी," विकास म्हणाला. "दोन पिक्चरच्या जागेत."

याडीनं कानाजवळच्या केसांवरून हात फिरवला, जिथं टोपली असायची तिथून. "म्हंजी तो दुकानवाला खरं बोलत व्हता," ती म्हणाली. "अन् तू..."

"वर्षातून एकदाच तर ऐकती तू," विकास चिडून बोलला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"रोज ऐकली असती तर घासली असती ना रं बाबा."

मला त्या वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, आणि त्याचं आजही वाईट वाटतं. याडीनं शिवी दिली असती, छाती बडवली असती तरी परवडलं असतं. ती उठली आणि चुलीकडं जाऊन सगळ्यांना वाढायला लागली. विकासलाही वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रानात गेली. गेल्या वर्षीच्या रिळांचे तुकडे बांधावरच्या बाभळीत अडकून राहिले होते, उन्हापावसानं कडक झालेले. काट्यांतून एकेक सोडवून तिनं ओटीत भरून आणले, धुतले, दोरीवर वाळत घातले आणि मला म्हणाली, "बघ बरं, याच्यात कोणी निघतंय का." मी काय सांगणार? बघते म्हणाले.

त्यानंतर याडीनं रडणं शिकवायचं सोडलं. पोरी यायच्या तर म्हणायची, माझ्याजवळ आता काई न्हाई. माझं लग्न ठरलं, तेव्हाही तिनं मला एक ओळ शिकवली नाही. गरजही नव्हती. लहानपणापासून ऐकून ऐकून सगळंच माझ्या तोंडात होतं.

माझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, विकासनं नवा मोबाइल काढला. त्यात आवाज भरता यायचा. मी बापूंच्या गळ्यात पडले, याडीच्या गळ्यात पडले, असं रडले की वऱ्हाडातल्या बायाही गप्प झाल्या. लक्ष्मीबाई आली होती, ती कुणाला तरी म्हणाली, शालूच हाय म्हणं. मग विकास पुढं आला. त्याचे डोळे खरेच भरले होते, खोटं कशाला बोलू? मोबाइल माझ्या तोंडाशी धरून तो म्हणाला, "या बारीला नीट ठिवतो, रुपा."

मी त्याच्या गळ्यात हात टाकले. बाया ऐकायला सरसावल्या. भावाचा ढावलो सगळ्यात सुंदर असतो. आणि मी गप्प राहिले. तशीच त्याला धरून उभी राहिले, पण एक सूर काढला नाही. "एक ओळ तरी म्हण," तो कानाशी म्हणाला. मी हात सोडले आणि जीपमध्ये जाऊन बसले. बाया आपसात कुजबुजल्या, पोरीचा गळा बसला म्हणून.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. पोरी दिवे घेऊन ओवाळून गेल्या. पेटी विकासनं कधीच विकली होती. याडीनं घोंगडी अंथरली, त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "रुपा लाव."

"कोणती? बापूची?"

"न्हाई. तुझी."

त्यानं मोबाइल काढला. ते त्यानं अजून पुसलं नव्हतं. लांबून बायांची कुजबुज, कुणाचं तरी पोरगं रडतंय, जीपचा आवाज, माझा श्वास, आणि शेवटी त्याचाच आवाज, एक ओळ तरी म्हण. विकासनं ते बंद केलं आणि तोंड फिरवलं.

"परत लाव," याडी म्हणाली.

आता दर दिवाळीला हेच असतं.