जीपस्टँडवरचा धुतलेला पिंपळ

नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरवरचा हिरामण बायकोशी कधी दोन शब्द गोड बोलला नसेल, पण सौंसरच्या जीपस्टँडवरच्या पिंपळाशी तासन् तास बोलायचा. बुद्धजयंतीला त्यानं स्वतः लावलेलं झाड ते. बोधिवृक्षाच्या अंगावर धूळ म्हणजे काय! रोज पहाटे शिडी लावून हा गडी पानन् पान ओल्या फडक्यानं पुसायचा. अशा माणसाला काय म्हणावं?

पंच्याऐंशी साली रस्ता रुंद करायचं ठरलं आणि पिंपळावर कुऱ्हाड आली. हिरामण जेवणखाण सोडून झाडाखाली जाऊन बसला.

तेवढ्यात नागपूरच्या कॉलेजातल्या मालतीबाई आल्या. पेट्रोलच्या धुरातलं शिसं झाडांच्या पानांवर बसतं, ते त्या मोजत फिरत होत्या. त्या म्हणाल्या, "इथल्या पानांवर शिसं भरपूर निघालं, तर हे झाड गावाचं विष अंगावर घेतं असं मी लिहून देईन. मग तोडायला कोणी धजणार नाही. उद्या पानं नेते."

हिरामणला आभाळ ठेंगणं झालं. पोरीला बघायला पाहुणे यावेत तशी त्याची धांदल उडाली. अख्खा टँकर त्यानं झाडावर रिकामा केला, वरून साबण लावला.

निकाल आला. जीपस्टँडच्या पानांवर शिशाचा मागमूस नव्हता. नगरपालिकेनं खुशीत पाटी ठोकली, 'येथील हवा शुद्ध आहे.' मोहगाव-लोधीखेड्याचे दमेकरी जीपा करकरून आले आणि पाटीखाली धुरात बसून मनसोक्त खोकू लागले. झाड काही कामाचं नाही, म्हणून तोडायची तारीखही पक्की झाली.

हिरामणनं बाईंचे पाय धरले. "मी तं त्याले रोज अंघोळ घालून राहिलो ना जी! आणखी एक डाव मोजा!"

बाईंनी कपाळावर हात मारला. तारीख पुढे ढकलून घेतली आणि त्याला फडक्याला शिवायची बंदी केली. मग हा जीपवाल्यांच्या विनवण्या करत सुटला, "भाऊ, धुराची नळी जरा झाडाकडं कर ना बाप्पा!" आभाळ भरून आलं की टँकरची ताडपत्री घेऊन झाडावर चढायचा. लोक हसून हसून बेजार झाले.

दुसऱ्यांदा पानांवर शिसं सापडलं. झाड वाचलं. आता बाई दर वर्षी पानं न्यायला येणार होत्या.

बुद्धजयंतीला त्याची बायको प्रमिला कौतुकानं बादली घेऊन पिंपळापाशी आली. हिरामणनं तिचा हात धरला.

"नोको धुऊ वं," तो म्हणाला. "मळलं हाय म्हणून जित्तं हाय थे."

आणि भर जीपस्टँडवर तो लहान लेकरासारखा रडला.