वेचून टाकलेला कोळसा

आप्पा गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाची तरी माती चाळत होतो. वडवणीच्या एसटीडी बूथवरून भिवा बोलत होता. भिवा म्हणजे आप्पांच्या रानात दर उन्हाळ्यात मेंढरं बसवणारा धनगर. म्हणाला, "आप्पा गेले सकाळी. रानातच माती देणार हायेत. यायचं तर या." यायचं तर या... त्यातला राग मला तारेतूनही नीट ऐकू आला, आणि तो रास्त होता. आज महिना झाला. मधे शोकसभा झाली. आप्पांना ‘लाखातला माणूस’ म्हणायला माईकसमोर जी रांग लागली, तीत त्यांना हसलेले सगळे होते. मलाही बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. इथे लिहितो आहे, पण गोडगोड लिहायचा माझा विचार नाही.

आप्पांची वडवणीत कोळशाची वखार. शाळेसाठी गाव सोडलं तेव्हा त्या वखारीमागच्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो, त्यांच्या घरची ज्वारीची भाकरी खाल्ली. लिंगायत घर, पूजा झाल्याशिवाय पाणीही घेणार नाहीत. कपाळ विभूतीनं पांढरं आणि हात कोळशानं काळे, असा हा माणूस दिवसभर वखारीच्या दारात बसायचा. पुढे मी बीडला मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत चिकटलो, आणि नेमका त्याच सुमारास देश खुला झाला म्हणतात तसा झाला. गॅसचे नंबर भराभर लागू लागले, इस्त्रीवाल्यांनी विजेच्या इस्त्र्या घेतल्या, हॉटेलांतल्या शेगड्या गेल्या. वखारीत कोळसा पडून राहू लागला, आणि तळाला साचलेल्या चुऱ्याला तर कुत्रंही विचारीना. आप्पांनी तो चुरा बैलगाडीत भरला आणि आपल्या मुरमाड रानाच्या एका तुकड्यात नेऊन पसरला.

पहिल्या वर्षी कपाशी पिवळी पडली. गावाला आयतं कोलीत मिळालं. ‘आप्पानं रानाला काजळ घातलं’ म्हणून पारावर आठवडाभर करमणूक झाली. मग उन्हाळ्यात त्याच तुकड्यात भिवाची मेंढरं महिनाभर बसली, लेंड्या-मूत सगळं त्या चुऱ्यात मुरलं, आणि पुढच्या पावसाळ्यातल्या खंडात आजूबाजूची रानं करपली तरी आप्पांचा तुकडा हिरवा राहिला. मी भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांनी मला बांधावर उभं करून शिकवलं, मला, माती तपासून पगार घेणाऱ्याला. "कोळसा उपाशी असतो बे दत्त्या. उपाशीच रानात टाकला तर त्यो आधी पिकाचं खातो. त्याला मेंढरांपाशी जेवू घाल, मग पेर." त्यांच्या आज्याच्या कोळसाभट्टीची जागा नांगरताना साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे कोळसे निघाले होते, काल विझवल्यासारखे. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "लाकूड कुजतं, शेण कुजतं. ह्ये कुजत न्हाई. पाणी धरून बसतं."

तिथून त्यांची नजर पऱ्हाटीवर गेली. कापूस वेचून झाला की उपटलेली पऱ्हाटी रानोरान पेटवायची ही आपली जुनी खोड. आप्पांनी बांधाकडेला खड्डा घेतला. पऱ्हाटी थराथरानं पेटवायची, लाल झाली की वरून माती लोटून कोंडून टाकायची, की झाला कोळसा. आभाळ तापत चाललंय, धुरानं तापतंय, असं तेव्हा पेपरात यायला लागलं होतं. आप्पा चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि चिडायचे. "धूर वर सोडला तर त्यो आभाळाचा झाला. खड्ड्यात कोंडला तर रानाचा झाला. लई मोठं गणित हाय का बे ह्ये?" दहा-बारा शेतकरी पुढच्या हंगामाला आपापली पऱ्हाटी त्यांच्या खड्ड्यावर आणायला कबूलही झाले. त्यांची एकच अट होती... सरकारी कागद पाहिजे. म्हणून आप्पांनी त्या तुकड्याची माती पिशवीत भरून माझ्याकडे आणली.

आता मी काय केलं ते सांगतो. माती सावलीत वाळवली, लाकडी हातोडीनं फोडली, चाळली. चाळणीवर जे राहिलं ते वेचून टाकलं. खडे, मुळ्या, काडीकचरा वेचून टाकायचा, तसा नियमच आहे. त्यात कोळशाचे नखाएवढे तुकडे होते, मूठभर तरी भरले असते. ते मी माझ्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग उरलेल्या मातीतला सेंद्रिय कर्ब मोजला, आणि कागदावर लिहिलं : कमी. कर्ब मोजायला बसलो आणि कर्बच, म्हणजे कोळसाच, फेकून दिला, एवढा मी शिकलेला! ती माती पाणी किती धरते याचा तर आमच्या कागदावर रकानाच नव्हता.

पुढे वडवणीत शेतकरी मेळावा झाला. मांडव एका खतवाल्यानं घातलेला, जो तो त्याची फुकटची टोपी घालून बसलेला. आप्पा मूठभर काळी माती घेऊन उभे राहिले. आमच्या साहेबांनी, ज्यांनी उभ्या जन्मात एक पऱ्हाटी उपटली नसेल, माझाच कागद वाचून दाखवला आणि वर म्हणाले, "आप्पा, कोळशानं रान पिकत असतं तर इस्त्रीवाल्यांचे ऊसमळे झाले असते!" मांडव हसून लोळला. साहेब हसले म्हणून मीही हसलो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुठीतली माती खिशात घालून खाली बसले. त्या हंगामात झाडून सगळ्यांनी पऱ्हाटी पेटवली. दोन दिवस गावावर धूर होता.

वर्षभरानं ऑफिसात एक नवा माणूस रुजू झाला. त्याला काम शिकवताना मी म्हणत होतो, खडे वेचायचे, मुळ्या वेचायच्या, कोळसा असला तर... आणि माझी नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली. पुढच्या रविवारी वडवणीला गेलो, सांगायचंच असं ठरवून. वखारीत आप्पा एकटे बसले होते. खड्डा त्यांनी बुजवून टाकला होता. चहा झाला. मी घुटमळतोय हे त्यांना दिसलं असावं. त्यांनीच विचारलं, "काय बे, कागद खोटा असू शकतो का कवा?" एवढा दरवाजा सताड उघडून दिला त्यांनी! मी म्हणालो, "न्हाई आप्पा." नोकरीची भीती होती, साहेबांची होती, पण खरं सांगायचं तर आपण गाढव ठरू याचीच भीती जास्त होती. त्यानंतर चार वर्षं ते जगले आणि कोळशाचा शब्द त्यांनी काढला नाही. मला त्यांचाही राग येतो. ज्याच्या हातात माती आहे त्यानं माझ्यासारख्याच्या कागदावर विश्वास का ठेवावा?

फोन आला त्या दिवशी मी पोचलो तेव्हा रानात माणसं जमली होती. पावसानं ओढ दिलेली. शेजारच्या रानात पाऊल जाईल एवढ्या भेगा, कपाशीनं माना टाकलेल्या. लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात, आणि आप्पांनी जागा सांगून ठेवली होती ती त्याच तुकड्यातली. भिवानं खड्डा घेतला होता. मी वाकून आत पाहिलं. खाली पिवळा मुरूम होता, पण वरची हातभर माती काळी होती आणि ओली होती. चार वर्षांत तिच्यात कुणी नवा कोळसा घातला नव्हता, तरी ओली होती. कापलेल्या कडेत कोळशाचे तुकडे जागोजाग दिसत होते आणि त्यांना बिलगून कपाशीच्या पांढऱ्या मुळ्या. अठरा वर्षांच्या नोकरीत मी एकाही रानात असा खड्डा घेऊन पाहिला नव्हता. शेवटी पाहिला तो आप्पांना पुरायला घेतलेला.

आप्पांच्या पोरानं आणि भिवानं त्यांना आत बसवलं. गळ्यात लिंग, मांडीवर बेल, कपाळाला विभूती. माणूस ऐकायला बसावा तसे दिसत होते. मला राहवेना. भिवाला बाजूला घेऊन सगळं भडाभडा सांगून टाकलं... चाळणी, वेचलेले कोळसे, तो रविवार. त्यानं हाताची माती झटकत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला कावून सांगता? त्ये बसलेत की समोर. त्यास्नी सांगा."

मी खड्ड्याच्या काठाशी गेलो, तोंड उघडलं. तेवढ्यात विधी सांगणारे जंगमस्वामी म्हणाले, "द्या माती." आणि आप्पांच्या पोराच्याही आधी माझी मूठ पडली.