मूठ सोडायला लावणारे गफूरचाचा

पहिल्याच दिवशी गफूरचाचांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी धरून असा हिसका दिला, की डोकं भिंतीवर आपटलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी मूठ उगारली. माढ्याची आहे मी, ऐकून घ्यायची सवय नाही! चाचा हसले. "ह्याच दोरीनं उद्या कुणीतरी गळा आवळंल की. खिशाला लाव. आन् मूठ सोड."

सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यात सुरक्षारक्षकांना तेच शिकवायचे, तेच परीक्षा घ्यायचे. त्यांचं प्रमाणपत्र नसेल तर अपघात विभागाच्या दारावर उभं राहता येत नसे. काठी त्यांनी आधीच काढून घेतली होती. "दवाखान्यात मारायला येतो ना बेटा, तो आधी रडून आलेला असतोय. त्याला तळहात दाखव, पाणी दे." मला सगळं जमायचं, हे सोडून. कुणी अंगावर आलं की मूठ वळायचीच. "ही तालीम हाय का दवाखाना?" म्हणत चाचा मला नापास करायचे. लई राग यायचा त्यांचा.

मग एका दुपारी ट्रॅक्टरखाली सापडलेली एक बाई उपचार चालू असताना गेली. तिचा भाऊ सलाईनचा लोखंडी स्टँड घेऊन काचा फोडत डॉक्टरांच्या खोलीकडे सुटला. चाचा तळहात पुढे करून दारात उभे राहिले. "बहीण गेली रे तुझी. बस, पाणी..." स्टँड त्यांच्या डोक्यात बसला. ते पडले तरी तो मारतच होता. आम्ही झडप घालून त्याला दाबलं. रक्तानं भरलेल्या तोंडानं चाचा म्हणाले, "मारू नका त्याला." त्याला पोलिसांनी नेलं. चाचा आमच्याच अतिदक्षता विभागात दुसऱ्या दिवशी वारले.

माणसं कमी पडली म्हणून अतिदक्षता विभागाच्या दारावर तेव्हा मला, प्रमाणपत्र नसतानाही, उभं केलं होतं. चाचांचा मुलगा इम्रान हातात सळई घेऊन धावत आला. "बापाला मारलं तुमी! कुटंय तो डॉक्टर?" माझी मूठ वळली. त्याचे डोळे बघितले, रडून रडून सुजलेले. मी मूठ सोडली आणि दोन्ही तळहात पुढे केले. सळई तोंडावर आली. तोंडातलं रक्त गिळून मी म्हटलं, "इम्रान, बस. पाणी घे." सळई खाली पडली. मग तो माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला, आणि मीही.

आता तुकड्यांना मी शिकवते. नवी पोरं विचारतात, "मॅडम, पुढचा दात कशानं गेला?"

मी सांगते, "परीक्षेत."