संपर्क तुटलेले नऊजण

कंडक्टरने पहिली थप्पड मारली तेव्हा नोंदबाईच्या हातातलं पेन उडून जिन्यावरून खाली गेलं. दुसरी ओठावर बसली आणि पुढचा दात अर्धा तुटला. तिसरी बसायच्या आत ती दाराची चौकट धरून खाली बसली, म्हणून थप्पड भिंतीला लागली आणि कंडक्टरचाच हात सोलवटला.

"माझी बायको मेली," तो म्हणाला. "आणि तू मला विचारतेस, पेशंट कसा आहे?"

चूक तिचीच होती, हे मान्य करायला हवं. ती हॉस्पिटलच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात नोंदी ठेवायची. काय विचारायचं याचा तिच्याकडे छापील कागद होता आणि अकरा वर्षं ती तोच प्रश्न जसाच्या तसा म्हणत आली होती. फोनवर तो खपून जायचा. दारात उभं राहून विचारला की शिवीसारखा लागतो, हे तिला त्या दिवशी दात देऊन कळलं.

तिने रुमालाने तोंड पुसलं, तुटका तुकडा मुठीत धरला आणि विचारलं, "तारीख कोणती?"

कंडक्टर तिच्याकडे बघतच राहिला. अशी चिवट बाई त्याने बसमध्येसुद्धा पाहिली नसावी. मग तो आत गेला आणि कागदांची पिशवी आणून तिच्या पुढ्यात टाकली. ट्रान्सप्लांटनंतरचा एकाहत्तरावा दिवस. घरी आल्यावर खोकला, मग खोकल्यातून रक्त, मग जवळच्याच दुसऱ्या दवाखान्यात शेवट. कारण: फुफ्फुसात बुरशी.

"सांगायला फोन केला होता तुमच्याकडे," तो म्हणाला. "थांबा म्हणाले. अर्धा तास गाणं ऐकवलं. मी फोन भिंतीवर आपटून फोडला."

विभागाच्या रजिस्टरमध्ये त्याच्या बायकोपुढे नोंदबाईच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘संपर्क तुटला’.

नाव तिला होतं, पण विभागातल्या सगळ्यांनी मिळून तिची नोंदबाई करून टाकली होती. काम ऐकायला सोपं. हाडांतला नवा मगज, म्हणजे बोन मॅरो, शरीरात सोडला तो दिवस शून्य. तिथून शंभर मोजायचे आणि शंभराव्या दिवशी पेशंट जिवंत आहे का ते लिहायचं. मधे जे चालतं ते मात्र बघवत नाही. आधी औषध सोडून माणसाच्या हाडांतला मगज पार मारून टाकतात. तोंड आतून सोलून निघतं, केस उशीवर राहतात, ताप आला तर त्याच्याशी लढायला अंगात काही उरत नाही. मग दुसऱ्याचा मगज सोडतात, आणि तो कधीकधी आधार द्यायचा सोडून त्याच माणसाच्या कातडीवर, आतड्यांवर तुटून पडतो. एवढा मार खाऊन माणूस तग धरतो तो स्वच्छ हवेच्या भरवशावर. म्हणून विभागाच्या सहाही खोल्यांच्या छतात हवा गाळणारी जाळी बसवलेली होती.

बाहेरच्या दारावर पाटी होती: ‘शंभराव्या दिवशी नव्वद टक्के पेशंट जिवंत’. तिचं गणित असं. दोन वर्षांत साठ पेशंट. पाच मेलेले, नऊजणांचा संपर्क तुटलेला. ते नऊ बाजूला काढायचे; उरलेल्या एक्कावन्नांत शेहेचाळीस जिवंत, म्हणजे झाले नव्वद. यात खोटं बोट ठेवून दाखवता येणार नाही. ज्याने फोन उचलला नाही तो मेलाही नाही आणि जगलाही नाही. हे गणित बसवून देणारी नोंदबाईच होती, आणि अलीकडे त्या पाटीखालून जाताना तिला स्वतःचीच चीड यायला लागली होती. म्हणून महिनाभर सुट्टीच्या दिवशी ती जुने पत्ते घेऊन वणवण हिंडत होती. नवांपैकी दोघे ठणठणीत निघाले; एकाने तर फोन नंबर बदलला होता तो सासूला चुकवायला. बाकी सातजण मेलेले होते. कंडक्टरची बायको सातवी.

घरी थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तिच्या ओठावर बर्फ धरला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"लोकांची दारं वाजवून मार खायला पगार देतात का गं तुला? उद्या कुणी सुरी घेऊन आला म्हणजे?"

"ताई, कागद भिजतोय. हात तिकडे घे."

ती सातवी ओळ भरत होती. दिवस, कारण, खोली. लिहून झाल्यावर तिची नजर शेवटच्या रकान्यावरून खाली उतरली. चार, चार, दोन, चार, चार, चार, चार. आणि चारवाल्या सहाही जणांच्या कारणात बुरशी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चार नंबरच्या खोलीत नऊ वर्षांची एक पोरगी दाखल होणार होती. अकराला औषध सुरू. ते एकदा अंगात गेलं की पोरीचा मगज मेला. मग थांबा म्हणून काही उपयोग नव्हता.

सकाळी साडेआठलाच ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली. विभाग त्यांनीच उभा केलेला. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सहा म्हणजे योगायोगही असू शकतो, बाई. जाळी गेल्याच महिन्यात तपासली आहे."

"सर, त्या पोरीला दुसरी खोली द्या. एवढंच म्हणते."

"पाचही भरल्यात. आणि तिचा आजार आपल्या खोल्या रिकाम्या होईपर्यंत थांबणार नाही."

"मग दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवा."

"गुरुवारी तपासणीचं पथक येतंय," डॉक्टर म्हणाले, आणि आपल्या तोंडून हे निघालं म्हणून की काय, भडकले. टेबलावरच्या फायली त्यांनी एका फटक्यात खाली उडवल्या. काचेचा पेपरवेट फुटला. तिचा दंड पिरगाळून त्यांनी तिला दाराबाहेर लोटलं तशी ती कपाटाच्या कडेवर आदळली.

"तुमचं काम लिहायचं. लिहा."

अकरा वर्षं ती लिहीतच आली होती. लिहून कुणाचं काही वाकडं झालं नाही आणि कुणाचं भलंही झालं नाही. पावणेदहाला ती चार नंबरमध्ये गेली. सिस्टर पलंगावर धुतलेली चादर ताणून बसवत होती.

"सिस्टर, बाहेर व्हा," ती म्हणाली, आणि सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून चपलांसकट पलंगावर चढली.

पहिल्याच घावात छताचा दिवा फुटून काचा तिच्या डोक्यावर पडल्या. दुसऱ्यात जाळीची चौकट वाकली. तिसऱ्या, चौथ्या घावाला आतला पांढरा, घडीघडीचा कागद फाटून लोंबायला लागला. स्वच्छ, कोरा करकरीत कागद. तिने स्टँड खाली टेकवला. आपण एका पोरीची खोली वाऱ्यावर सोडली, तीही सहा नोंदींच्या जोरावर, असं तिला वाटलं आणि ती मनातून घाबरली. तरी तिने स्टँड पुन्हा उचलला.

तेवढ्यात पोरीचा बाप आत आला. तो वेल्डर होता, हात लोखंडासारखे. लेकीच्या खोलीत एक रक्ताळलेली बाई तोडफोड करतेय एवढंच त्याला दिसलं. त्याने केस धरून तिला खाली ओढलं, फरशीवर आपटलं आणि बरगडीत लाथ घातली. तुटल्याचा आवाज दाराशी उभ्या सिस्टरला ऐकू आला. पोरगी तोंडाला मास्क लावून सिस्टरशेजारी उभी होती. आरडाओरडा ऐकून मोठे डॉक्टर धावत आले.

नोंदबाई गुडघ्यांवर उठली. स्टँड हातातून सुटला नव्हता. बाप केस ओढतच होता. तशीच, त्याच्या मुठीत डोकं अडकलेलं असताना, तिने सगळा जोर लावून शेवटचा घाव वर घातला. तो जाळीला लागलाच नाही. जाळीच्या कडेला छताची फळी होती, तिला लागला.

फळी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी निखळली. तिच्यामागून काळा, केसाळ, ओला गोळा सुटला आणि थेट उशीवर पडला. मग आणखी एक. वर गंजलेला पाइप ठिबकत होता.

मोठ्या डॉक्टरांनी उशीकडे पाहिलं. त्यांनी अंगातला कोट ओरबाडून काढला, पोरीच्या तोंडावर दाबला, तिला उचललं आणि लांबलचक व्हरांड्यातून बाहेरच्या दाराकडे पळत सुटले. ती हातपाय झाडत होती, तरी त्यांनी कोट हलू दिला नाही.

"हे काय आहे?" वेल्डरने विचारलं.

"याने सहाजण मेले." बोलताना तिच्या तोंडातून रक्त येत होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"पहिला कधी गेला?"

तारीख तिला पाठ होती. तिने ती सांगितली. "दोन वर्षं होतील आता. त्या घरी मी एकदाच फोन केला होता. कुणी उचलला नाही, म्हणून परत केला नाही."

वेल्डरच्या मुठीत तिचे केस अजून तसेच होते. तिने ते सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.